नव्याच्या सणापासून सुक्कोथपर्यंत: तिशरीच्या सणांसाठी घराची तयारी

२०२६ साली नव्याचा सण, म्हणजे ज्यूंचं नववर्ष रोश हाशाना, शुक्रवारी ११ सप्टेंबरला दिवेलागणीला लागतो. सोमवारी १४ तारखेला गणपती बसतात. सुक्कोथची, म्हणजे मांडवाच्या सणाची, पहिली रात्र शुक्रवारी २५ सप्टेंबरला आहे आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आहे. मुंबई, ठाणे किंवा पुण्यात राहणाऱ्या बेने इस्राएली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू, घराने तयारीची पहिली पायरी म्हणून हीच करावी: दोन्ही दिनदर्शिका शेजारीशेजारी ठेवून तारखांवर खुणा कराव्यात. सुक्कोथ तिशरी या ज्यू महिन्याच्या पंधराव्या रात्री येतो, म्हणजे नेहमी पौर्णिमेच्या आसपासच. २०२४ आणि २०२५ मध्ये तो कोजागिरीच्या रात्री लागला होता. यंदा अधिक महिन्यामुळे भाद्रपद पुढे सरकला आणि विसर्जनाच्या मिरवणुका नेमक्या आपल्या मांडवाच्या दिवशी आल्या. त्या दिवशी दुपारी बांबू घेऊन रस्त्यावर टेम्पो निघणार नाही, हे ऑगस्टमध्येच लक्षात आलेलं बरं.

सगळ्या तारखा एकदा लिहून घ्या. तिशरीच्या आधीचा एलुल महिना १४ ऑगस्टला सुरू. रोश हाशाना ११ सप्टेंबरच्या संध्याकाळपासून १३च्या रात्रीपर्यंत. गदल्याचा रोजा, म्हणजे त्याच्या हत्येच्या आठवणीचा उपास, १४ला. खिरीचा सण १५ला. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दारफाळणीचा सण, रविवारी २०च्या संध्याकाळपासून सोमवारी २१च्या रात्रीपर्यंत. शिळा सण २२ला. सुक्कोथ २५च्या संध्याकाळपासून, त्याचा सातवा दिवस होशाना रब्बा २ ऑक्टोबरला, आणि तोरा या धर्मग्रंथाचं वर्षभराचं वाचन संपल्याचा उत्सव सिमहाथ तोरा ४ ऑक्टोबरला. इस्राएलमध्ये असाल तर सिमहाथ तोरा एक दिवस आधी, ३ तारखेला.

आता नावांबद्दल. आमच्या कोकणातल्या पूर्वजांकडे छापील प्रार्थनापुस्तकं नव्हती. शेमा ही प्रार्थना होती, शब्बाथ हा शनिवारचा विश्रांतीचा दिवस होता, सुंता होती, खवले आणि पर असलेलेच मासे खायचे हा नेम होता, आणि सण होते. त्या सणांना त्यांनी मराठी नावं दिली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण. नीट ऐकलंत तर प्रत्येक नावात घरात काय करायचं ते सांगितलेलं आहे. नवं आणा, खीर शिजवा, दार लावा, दुसऱ्या दिवशी उरलेलं वाटा. सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरं, पुढे आली. मुंबईतल्या मांडवीचं शार हारहमीम १७९६चं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हे सगळं घरातच सांभाळलं गेलं. म्हणून मला वाटतं, सणाची तयारी सिनेगॉगच्या वेळापत्रकावरून न करता घराच्या उंबरठ्यावरून सुरू करावी. पुढचा सगळा क्रम मी तसाच लावला आहे.

एलुल: दार, भिंत आणि पेटी

एलुलमध्ये पहाटे सलिहोथ, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना, सुरू होतात. घराचं काम मेझुझापासून, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या पवित्र वचनांच्या डबीपासून, सुरू करा. मेझुझातला चर्मपत्राचा गुंडाळा सात वर्षांत दोनदा तपासावा असा दंडक आहे, आणि बहुतेक घरं त्यासाठी एलुलच निवडतात. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे, पाऊस. चार महिने दमट हवा खाऊन शाई फुगते, अक्षराला तडा जातो. एक अक्षर तुटलं तरी मेझुझा बाद होते. काढताना पेचकसाने डबी उचकटू नका, आधी स्क्रू सैल करा. गुंडाळा कोरड्या हातांनी उलगडा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. शंका असेल तर हझानांकडे, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांकडे, द्या. सिनेगॉगमार्फत तो जाणकार लेखनिकाकडे पाठवता येतो. परत लावताना पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून मग डबीत घाला. आत जाताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या तळाशी, साधारण खांद्याच्या उंचीवर.

घराला रंग काढणार असाल तर रंगारी येण्याआधी मेझुझा स्वतः उतरवा. आमच्याकडे एका वर्षी मी कामावर गेले आणि रंगाऱ्याने चौकटीबरोबर डबीही ऑइलपेंटने रंगवली. संध्याकाळी आले तर दारावर तपकिरी रंगाचा एक उंचवटा, वरचं ‘शीन’ अक्षर गायब. रंग फटीतून आत झिरपला होता. तो गुंडाळा पुन्हा वापरता आला नाही, सिनेगॉगमध्ये पुरायला दिला. तेव्हापासून रंगकाम ठरलं की मी सगळ्यात आधी दाराशी जाते.

त्याच आठवड्यात पेटीतले पांढरे कपडे बाहेर काढा. योम किप्पूरला घरातल्या सगळ्यांना पांढरं लागतं. पावसाळ्यात पेटीत राहिलेल्या पांढऱ्या साडीवर पिवळे डाग पडतातच, आणि ते सणाच्या आदल्या दिवशी निघत नाहीत. भिजवणं, उन्हात टाकणं, पुन्हा भिजवणं यात आठ दिवस सहज जातात. मुलांचे मागच्या वर्षीचे झब्बे आखूड झालेले असतात, तेही आत्ताच घालून पाहा. कॅनव्हासचे किंवा रबरी तळाचे बूट घरात प्रत्येकाला आहेत का ते बघा, कारण योम किप्पूरला चामड्याचं पायात घालत नाहीत.

साफसफाईबद्दल फार लिहीत नाही. हे पेसाहसारखं, म्हणजे वल्हांडणासारखं, खमिराचा कणकण शोधायचं काम नाही. गणपतीला किंवा दिवाळीला शेजारी जशी झाडलोट करतात तशीच. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी लावून ठेवा, म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत कुणी मदतीला आलं तरी घोटाळा होत नाही.

बाजार

नारळ ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच घ्या. गणपतीच्या तोंडावर भाव चढतात आणि चांगला, जड, पाणीदार नारळ निवडायला मिळत नाही. हलवा, खीर आणि सणाची जेवणं धरून चार माणसांच्या घराला डझन-दीड डझन लागतात. ते शेंडीसकट, शेंडी वर करून, कोरड्या जागी ठेवा. खोबरेल, कापसाच्या वाती, काळ्या मनुका, खजूर, मध हे सगळं आधी आणून ठेवण्यासारखं आहे. मटण किंवा कोंबडी कोशेर, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे कापलेली, हवी असेल तर ज्यांच्याकडून घेता त्यांना किमान दहा दिवस आधी सांगा. शुक्रवार सकाळवर ठेवू नका.

चिकाचा हलवा

नव्याच्या सणाचा हलवा घरीच करावा, असं मी आग्रहाने सांगते. विकत मिळतो, चायनाग्रास घालून तासाभरातही होतो, आणि तोही चवीला बरा लागतो. पण गव्हाच्या चिकाचा हलवा दाताखाली जसा लवतो तसा तो लवत नाही. शिवाय यात गाईचं दूध नसतं, नारळाचं असतं. मांस आणि दूध आपण एकत्र खात नाही, म्हणून मांसाच्या जेवणानंतर तो निर्धास्त खाता येतो. हलवा असा का झाला, याचं उत्तर तिथेच आहे.

अर्धा किलो गहू रविवारी ६ सप्टेंबरच्या रात्री भिजत घाला. सोमवारी आणि मंगळवारी, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी बदला. दिवसाला एकदाच बदललं तर सप्टेंबरच्या उकाड्यात आंबूस वास येतो आणि तो वेलदोड्याने झाकला जात नाही. बुधवारी सकाळी दाणा दोन बोटांत दाबून पाहा. आतलं पांढरं दुधासारखं बाहेर आलं की गहू झाला. थोडं थोडं पाणी घालून वाटा, स्वच्छ मलमलीतून पिळा, चोथा परत वाटा, परत पिळा. तीनदा. निघालेलं पाणी मोठ्या पातेल्यात झाकून न हलवता ठेवा. बुधवारी रात्रीपर्यंत चिक तळाशी बसतो आणि वर पिवळसर निवळ येते. ती निवळ हळूच ओतून द्या. खाली जो दाट, चमच्याला ओढ देणारा थर राहतो तो चिक. अर्ध्या किलोचा साधारण दोन वाट्या निघतो.

गुरुवारी हलवा. आमच्या घरचं प्रमाण एका वाटी चिकाला सहा वाट्या नारळाचं दूध आणि दोन वाट्या साखर. म्हणजे दोन वाट्यांना बारा वाट्या दूध, सहा मोठ्या नारळांचं, पहिलं-दुसरं एकत्र. जाड बुडाच्या पातेल्यात तिन्ही गार असतानाच एकजीव करा, चिमूटभर मीठ घाला, मग आच लावा. गरम दुधात चिक ओतला तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. मंद आच, लाकडी उलथनं, आणि हात थांबवायचा नाही. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटतं. मग एकाएकी दाटपणा येतो आणि उलथनं जड होतं. इथे बरेच जण उतरवतात, पण तो अजून कच्चा असतो. ढवळत राहा. तासाभराने कडेला खोबऱ्याचं तेल सुटायला लागतं, रंग पांढऱ्याचा काचेसारखा होतो, आणि सगळा गोळा उलथन्याबरोबर एकत्र फिरतो. गार बशीवर एक थेंब टाका. बोटाला न चिकटता उचलला गेला तर झाला. शेवटी वेलदोडा, जायफळ आणि आवडत असेल तर गुलाबी रंगाचे दोन थेंब. तेल न लावलेल्या थाळ्यांत ओता, कारण त्याच्या अंगचंच तेल पुरतं. वरून बदाम-पिस्त्याचे काप दाबा. रात्रभर गार होऊ द्या आणि शुक्रवारी सकाळी वड्या पाडा.

दोघांनी मिळून ढवळायला बसावं. आई आणि आत्या असं करायच्या. एकीचा हात थकला की दुसरी न बोलता उलथनं घ्यायची. त्या तासाभरात वर्षभराची भांडणं मिटलेली मी पाहिली आहेत.

नव्याचं ताट

सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, रीतीप्रमाणे रोश हाशानाच्या रात्री जेवणाआधी काही ठरावीक पदार्थ आशीर्वाद म्हणून खातात. ही यादी तल्मूद या जुन्या ज्यू धर्मग्रंथातली आहे आणि तिच्यातली एकही गोष्ट आपल्या भाजीवाल्याकडे मिळत नाही असं नाही. कारा म्हणजे दुधी किंवा भोपळा. रुबिया म्हणजे चवळी, काही जण मेथी धरतात. कार्ती म्हणजे पातीच्या जातीची भाजी. लीक न मिळाल्यास कांद्याची पात. सिल्का म्हणजे बीटाचा पाला. तामरी म्हणजे खजूर. यामागे शब्दांची जुळणी आहे. ‘कारा’ला ऐकू येतं फाडणं आणि वाचणं: आमच्याविरुद्धचा वाईट निर्णय फाडला जावा, आमची पुण्याई वाचली जावी. ‘रुबिया’त वाढणं, ‘कार्ती’त कापणं, ‘सिल्का’त दूर होणं, ‘तामरी’त संपणं. मुलांना हे समजावून सांगितलं की ती चवळीसुद्धा मागून खातात.

ताट असं लावा. दुधी वाफवून मीठ घालून. चवळी उसळीसारखी, पण चिंच-कोकमाशिवाय, कारण या रात्री आंबट-कडू टाळतात. कांद्याची पात आणि बीटाचा पाला लसणावर परतून, चार-चार चमचेच पुरेत. खजूर बिया काढून. सफरचंद मधात. डाळिंब सोलून, दाणे वाटीत. शेवटी डोकं, ‘आम्ही शेपूट नको, डोकं होऊ’ म्हणून. रावसाचं डोकं हळद-मीठ लावून वाफवावं. कोळणीकडे गुरुवारीच सांगून ठेवा, नाहीतर ती डोकं आधीच कापून कालवणवाल्याला देते. किद्दुशनंतरची, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या सणाच्या आशीर्वादानंतरची, पोळी किंवा पाव मिठाऐवजी मधात किंवा साखरेत बुडवतात.

दुसऱ्या रात्रीसाठी एक नवं फळ लागतं, त्या वर्षी अजून न चाखलेलं. पुस्तकांत डाळिंब लिहितात. मी सीताफळ ठेवते. पावसाळा सरता सरता सासवडकडची पहिली सीताफळं बाजारात येतात. ते घट्ट असतानाच बुधवारी घ्या आणि तांदळाच्या डब्यात ठेवा, शनिवारी रात्रीपर्यंत डोळे उघडतात. तोपर्यंत घरात कुणी खाऊ नये एवढी नजर ठेवा.

दिवे

यंदा एक गोष्ट विसरून चालणार नाही. पहिला दिवस शब्बाथ आहे. सणाच्या दिवशी आधीपासून पेटलेल्या ज्योतीवरून आग घेता येते, स्वयंपाकही करता येतो, पण शब्बाथला तेही नाही. म्हणून शनिवारचं सगळं जेवण शुक्रवारी सूर्यास्ताआधी तयार हवं. शनिवारी शोफार, म्हणजे सणाचं शिंग, तेही वाजणार नाही, तो रविवारी वाजेल; मुलांना शोफार ऐकवायला न्यायचं असेल तर रविवारी न्या. दुसऱ्या रात्रीचे दिवे लावायला नवी काडी ओढता येत नाही, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळीच एक असा दिवा लावा जो शनिवारची रात्र गाठेल. तीस तास जळणारा.

असा दिवा करायला आपली जुनी पद्धत उत्तम आहे. उंच काचेचा पेला घ्या, खाली दोन बोटं पाणी, वर खोबरेल, आणि तरंगत्या धारकात वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि दिवा आपोआप शांत होतो, काच तडकत नाही. आधीच्या आठवड्यात एकदा तो पेला सबंध जाळून पाहा आणि किती तास टिकला ते लिहून ठेवा, कारण वातीच्या जाडीवर फार फरक पडतो. सणाच्या रात्री पेला पाणी घातलेल्या परातीत ठेवा, पडद्यापासून दूर, पंख्याच्या वाऱ्याच्या बाहेर. मुंबईत त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या पुढे मावळतो. दिवे त्याच्या आधी लागायला हवेत. नेमकी वेळ तुमच्या सिनेगॉगच्या पत्रकावरून घ्या.

खिरीचा सण

सोमवारी गदल्याचा रोजा, मंगळवारी खीर. हा सण जगातल्या इतर ज्यूंकडे नाही, तो आपला कोकणातला. भाताच्या लोंब्या भरायच्या त्या दिवसांत नव्या दाण्याची खीर नारळाच्या दुधात करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायची आणि मग सगळ्यांनी खायची. अलिबागकडे कुणी ओळखीचं असेल तर नवे तांदूळ मागवा. नसतील तर घरातले तांदूळ चालतात, पण ते भाजून जाडसर भरडून घ्या, नव्या तांदळाचा वास त्यातून थोडा येतो. गूळ नारळाच्या दुधात उकळू नका, फाटतं. खीर उतरवल्यावर घाला. आता फार थोड्या घरांत हा दिवस पाळतात. एक पातेलं खीर आणि पाच मिनिटं, एवढंच लागतं. पाळा.

दारफाळणीचा सण

योम किप्पूरला जुने लोक पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसत. आता आपण दिवसभर सिनेगॉगमध्ये असतो आणि घर खरोखरच बंद राहतं. त्यामुळे तयारी दोन बाजूंनी करावी लागते, शरीराची आणि घराची.

शरीराची तयारी आठवडाभर आधी. चहा-कॉफी रोज एकेक कप कमी करा; रोजाच्या दुपारी डोकं दुखतं ते बहुतेकदा भुकेने नाही, चहा तुटल्याने. शनिवारपासून पाणी मुद्दाम जास्त प्या. रविवारी संध्याकाळचं जेवण साधं ठेवा: वरण-भात, दुधी, बेताच्या मसाल्याची कोंबडी. लोणचं, पापड, सुकी मासळी नको, रात्रभर तहान लागते. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर आणि बाळंतिणींनी, रोज गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आणि हझानांना दोघांनाही आधीच विचारावं. जीव वाचवणं रोजापेक्षा मोठं आहे हा धर्माचाच नियम आहे. डॉक्टर खा म्हणाले तर खाणं हेच त्या दिवशीचं पालन. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आपल्या तोंडून ऐकायचं असतं. ‘आई, तुम्ही खायचंच आहे’ असं म्हणून त्यांचं ताट झाकून ठेवा, आणि त्यांच्याजवळ कुणी थांबेल याची सोय करा.

घराची तयारी रविवारी दुपारी. पिण्याच्या पाण्याची भांडी भरून झाका. गॅसचा नळ बंद. शेजाऱ्यांना सांगा की उद्या रात्रीपर्यंत फोन लागणार नाही आणि दार उघडणार नाही. गणपतीचे दिवस आहेत, कुणीतरी प्रेमाने बोलवायला येईल. आधी सांगितलेलं असलं की कुणाला वाईट वाटत नाही. गेलेल्या प्रत्येकाच्या नावाचा तेलाचा दिवा लावा. आमच्याकडे समजूत आहे की त्या रात्री पूर्वज घरी येतात आणि शिळ्या सणाला निघतात. शिवाय एक दिवा असा हवा की जो रोजा सुटेपर्यंत जळत राहील, कारण योम किप्पूरनंतरची हवदाला, म्हणजे सण सरल्याची प्रार्थना, नव्या काडीने पेटवलेल्या ज्योतीवर म्हणत नाहीत. रोजाभर तेवत राहिलेली ज्योत लागते. घर दिवसभर रिकामं असणार, तेव्हा हे सगळे दिवे न्हाणीघराच्या फरशीवर किंवा दगडी ओट्यावर, परातीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर.

निघण्याआधी घरातले सगळे एकमेकांची क्षमा मागतात. थोरांचे हात दोन्ही हातांत घेऊन, मग आपली बोटं ओठांना लावून. यासाठी वेळ राखून ठेवा. कपडे, जेवण, दिवे, बस या घाईत नेमकं हेच जिन्यात उरकलं जातं. सगळं आवरून अर्धा तास आधी एका खोलीत बसा.

रोजा सोडायला काळ्या मनुकांचं सरबत. पाव किलो मनुका रविवारी सकाळी लिटरभर पाण्यात भिजवा, दुपारी हाताने कुस्करून गाळा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये. किद्दुशला आपल्याकडे हेच चालत आलं आहे. ओल्या नारळाच्या सारणाच्या करंज्या शनिवारी रात्री शब्बाथ सरल्यावर तळून डब्यात भरा. रिकाम्या पोटी आधी सरबत, मग एखादी करंजी, अर्ध्या तासाने जेवण.

शिळा सण मंगळवारी. दान आणि भेटीगाठी. सुटे पैसे, धान्याच्या पिशव्या, नको असलेले पण धड कपडे हे योम किप्पूरच्या आधीच बांधून दाराशी ठेवलेलं असलं की त्या दिवशी नुसतं द्यायचं राहतं.

गच्चीवरचा मांडव

योम किप्पूर सुटताच, त्याच रात्री, सुक्काचा, म्हणजे सुक्कोथच्या मांडवाचा, निदान एक बांबू उभा करावा अशी रीत आहे. यंदा हातात मंगळवार ते शुक्रवार दुपार एवढेच दिवस आहेत. बहुतेक मंडळी सिनेगॉगच्या अंगणातल्या सुक्कात बसतात आणि ते बरोबरच आहे. पण घरची सुक्का फ्लॅटमध्येही जमते. बाल्कनीत मात्र नाही, वर वरच्या मजल्याची बाल्कनी असते आणि सुक्काच्या डोक्यावर उघडं आकाशच हवं. म्हणून गच्ची.

सोसायटीला पत्र ऑगस्टमध्येच द्या. किती दिवस, किती जागा, आणि ‘गच्चीत एकही भोक पाडणार नाही’ हे स्पष्ट लिहा. गळतीच्या भीतीने नकार येतो, धर्मामुळे नाही. गच्चीचा कोपरा निवडा. कठडा साडेतीन फूट किंवा जास्त उंच असेल तर त्याच तुमच्या दोन भिंती झाल्या, कारण भिंतीला दहा मुठींची उंची पुरते, म्हणजे साधारण मीटरभर. तिसरी बाजू प्लायची करा किंवा चादरीची. वर पाण्याची टाकी, झाड, सौर पॅनेल काहीही येता कामा नये.

चार बांबू आठ-आठ फुटी. पत्र्याचे रिकामे तेलाचे डबे घ्या, मधोमध बांबू उभा करून वाळू आणि खडी ठेचून भरा, वरून पाणी मारा. माथ्यावर चार आडवे बांबू. सहा फूट बाय सहा फुटांत चार माणसं आणि एक टेबल मावतं. चादर वाऱ्याने फडफडली तर ती भिंत मानत नाहीत. त्यासाठी कठड्याच्या उंचीपर्यंत, वीतभरापेक्षा कमी अंतरावर, आडव्या दोऱ्या ताणून बांधा; मग दोऱ्याच भिंत ठरतात आणि चादर नुसता आडोसा.

भिंती पूर्ण झाल्या की मगच छप्पर, उलटं नाही. छप्पर जमिनीतून उगवलेलं आणि कापलेलं हवं. आपल्याकडे नारळाच्या झावळ्यांसारखं दुसरं काही नाही. बसायच्या चटया चालत नाहीत, म्हणून न विणलेल्या अख्ख्या झावळ्या घ्या. पातळ बांबूंवर त्या आडव्या-उभ्या रचा. दिवसा उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे, पण रात्री फटींतून चांदणं दिसलं पाहिजे. खाली उभं राहून वर पाहा आणि एकेक झावळी सरकवत जा. झावळ्या बुधवारीच आणा. त्याआधी आणल्या तर सुक्कोथच्या मध्यावर पानं गळून ऊन आत येतं. शुक्रवारी तर टेम्पो मिळणारच नाही.

परतीच्या पावसाचं काय? ताडपत्री वर असताना ती सुक्काच नव्हे. सुक्कोथच्या मधल्या साध्या दिवसांत पाऊस आला की टाका आणि बसण्याआधी गुंडाळून बाजूला करा. जेवणात पाणी पडण्याइतका पाऊस असेल तर आत जाऊन जेवायची मोकळीक आहे. पहिल्या रात्री मात्र थोडं थांबून पाहावं. ढग सरले तर किद्दुश तिथेच. खाली एक प्लास्टिकचा खोका ठेवा, त्यात पुस्तकं, तलिथ म्हणजे प्रार्थनेच्या शाली, आसनं. विजेची वायर ओढू नका. बॅटरीचा कंदील शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावून ठेवा.

सजावटीला पपनस, केळीची फणी, मक्याची कणसं, शहाळं. टांगलेली फळं सण संपेपर्यंत खात नाहीत, त्यामुळे पिकलेलं केळं टांगू नका, कावळे येतात आणि खाली रस गळतो. कच्ची फणी आठवडाभर हिरवी राहते. मुलांना रंगीत कागदाच्या साखळ्या करू द्या, पण त्या चादरीवर लावा, छताला लावल्या तर पहिल्याच सरीत रंग ताटात उतरतो.

चार वनस्पतींसाठी, म्हणजे एत्रोग (लिंबूवर्गीय फळ), लुलाव (खजुराची मिटलेली झावळी), हदास (मर्टलची फांदी) आणि अरावा (विलोची फांदी), सिनेगॉगमध्ये नाव एलुलमध्येच नोंदवा. बाजारातलं महाळुंग एत्रोगसारखं दिसतं, पण ते कलमी झाडाचं असू शकतं आणि कलमी चालत नाही. शनिवारी ते हातात घेत नाहीत, रविवारपासून. हदास आणि अरावाच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या तर होशाना रब्बापर्यंत टिकतात.

सिमहाथ तोराला घरात फारसं काही लागत नाही. मुलांसाठी मिठाईच्या पिशव्या आणि नाचून येणाऱ्यांसाठी तयार जेवण.

उतरवताना बांबू पुसून, सावलीत, आडवे ठेवा. डबे रिकामे करून उपडे. झावळ्या फेकू नका, कोयत्याने हीर काढा, एक चांगला खराटा होतो. एत्रोगाचा साखरेतला मुरंबा घाला. लुलाव वाळवून माळ्यावर ठेवा. पेसाहच्या आदल्या सकाळी खमीर जाळायला तोच पेटवायचा असतो.